कुऱ्हाड की करवत?

कॅम्पिंगच्या सामानाची यादी करायला बसलं की तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग यांच्यावरून आमच्यात फारशी भांडणं होत नाहीत. भांडण होतं ते कुऱ्हाडीवरून. सप्टेंबर संपत आला, सिएटलचा पाऊस पुन्हा हजेरी लावायला लागला, की आमच्या चार-पाच मराठी घरांच्या टोळक्यात हा विषय निघतोच. "अरे, जंगलात चाललोय आणि कुऱ्हाड नाही?" हा एक पक्ष. "अरे, पाठीवर न्यायचंय सगळं, गाडीच्या डिकीत नाही" हा दुसरा. मी दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता. पण नुसतं पक्षात असून भागत नाही, जाहीरनामा लागतो. तो हा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी बोलतोय ते हॅचेटबद्दल, म्हणजे एका हाताने चालवायच्या, चौदा-पंधरा इंची दांड्याच्या छोट्या कुऱ्हाडीबद्दल. गावाकडे अंगणात ओंडके फोडायला असते ती नव्हे. तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण दुकानात हॅचेट हातात घेतली की माणसाला वाटतं, ही त्याच कुऱ्हाडीची धाकटी बहीण. काम तेच, जरा कमी करेल एवढंच. इथेच गणित चुकतं.

जरा आकडेमोड करू (शनिवार सकाळ आहे, चहा आहे, बायको अजून उठलेली नाही). मोठ्या कुऱ्हाडीचं डोकं धरा दीड किलो, आणि खांद्यापासून पात्यापर्यंतचं अंतर दीडशे सेंटिमीटर. हॅचेटचं डोकं साडेचारशे ग्रॅम, अंतर पंचाण्णव सेंटिमीटर. हात दोन्ही वेळा सारख्याच वेगाने फिरतो असं मानलं, तर पात्याचा वेग अंतराच्या प्रमाणात आणि घावाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. उत्तर येतं साधारण आठपट. म्हणजे मोठ्या कुऱ्हाडीच्या एका घावाचं काम करायला हॅचेटचे आठ घाव. मोठी दोन हातांनी चालते, ही एका हाताने, ते अजून धरलेलंच नाही. आणि प्रत्येक घाव ही चुकायची एक नवी संधी.

चुकली की कुठे जाते ते महत्त्वाचं. लांब दांड्याची कुऱ्हाड नेम चुकून खाली आली तर बहुतेक वेळा पायांच्या पुढे जमिनीत रुतते. हॅचेटचा दांडा आखूड, त्यामुळे उभं राहून मारलं तर तिचं वर्तुळ जमिनीपर्यंत पोचतच नाही. ते संपतं गुडघ्यावर नाही तर नडगीवर. म्हणूनच जाणकार सांगतात की हॅचेट गुडघ्यांवर बसून चालवावी, म्हणजे निसटली तरी आधी जमीन लागते. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका मित्राने हेमलॉकच्या एका गाठाळ तुकड्यावर घाव घातला, पातं गाठीवरून घसरलं आणि बुटाचं कातडं उभं चिरत गेलं. आत मोजा आणि मोजाच्या आत पाय, दोन्ही शाबूत. पण गाडी दोन तास खाली, मोबाईलला रेंज नाही, अंधार पडत आलेला. त्या संध्याकाळी नंतर कुणी विनोद केले नाहीत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे तो धन्यालाच काळ होणार होता.

बरं, मग लाकूड लागतं तरी किती आणि कसलं? अमेरिकेत हा प्रश्न बराचसा नियमच सोडवून टाकतात. माउंट रेनियर नॅशनल पार्कात आत चालत जाऊन मुक्काम केलात तर शेकोटीच करायची नाही. ऑलिंपिकमध्ये साडेतीन हजार फुटांच्या वर नाही. उन्हाळ्यात वणव्यांच्या भीतीने बऱ्याच वर्षी जवळपास सगळीकडेच बंदी. जिथे गाडी तंबूच्या शेजारी लागते अशा कॅम्पग्राउंडवर बहुधा लाकूड गोळा करायचं नसतं, जुडी विकत घ्यायची. तीही तिथल्याच आसपासची. घरून गाडीत भरून न्यायची नाही, कारण लाकडातून किडे प्रवास करतात. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला आणि पुढे सरपणाबरोबरही पसरत गेला, अ‍ॅशची झाडं कोट्यवधींनी मेली. आणि जिथे गोळा करायला परवानगी आहे तिथेही संकेत असा की मेलेलं, खाली पडलेलं, मुक्कामापासून लांबचं आणि मनगटापेक्षा जाड नाही असंच लाकूड घ्यायचं. उभं झाड, अगदी वाळलेलं असलं तरी, तोडायचं नाही. त्याच्या ढोलीत कुणीतरी राहत असतं.

म्हणजे उरलं काय? खालच्या उंचीवरचं नॅशनल फॉरेस्ट, ऑक्टोबरनंतर, मनगटाएवढं लाकूड. आणि आमच्या भागात ऑक्टोबरनंतर म्हणजे ओलं. साधं ओलं नाही, चिंब. ऑलिंपिकच्या होह जंगलात वर्षाला १४० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून बराच जास्त पडतो हे खरं, पण तो मुख्यतः चार महिन्यांत उरकतो, आणि कोकणात काय किंवा घाटावर काय, आषाढात कुणी सरपण शोधायला रानात जात नाही. आगोटीची तयारी आधीच झालेली असते, लाकडं रचून झाकलेली, काही चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळत पडलेली. कॅम्पिंगला आगोट नाही. संध्याकाळी पाच वाजता पोचायचं आणि सहा वाजता शेकोटी हवी.

ओलं लाकूड पेटत का नाही याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. एक किलो लाकडात अर्धं पाणी असेल, तर ते पाणी तापवून उकळून घालवायला साधारण १.३ मेगाज्यूल लागतात. उरलेलं अर्धा किलो कोरडं लाकूड जळून देतं नऊएक मेगाज्यूल. म्हणजे उष्णता मुबलक आहे, तुटवडा नाहीच! प्रश्न क्रमाचा आहे. पाणी जायला आग हवी आणि आग लागायला पाणी आधी गेलेलं हवं. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. तो सोडवायचा मार्ग एकच: कुठून तरी थोडंसं असं लाकूड मिळवायचं ज्याला वाट पाहावी लागत नाही.

ते असतं मनगटाएवढ्या लाकडाच्या पोटात. बारीक काटक्या आरपार भिजलेल्या असतात, त्या मोडून काही उपयोग नाही. पण जाड फांदी जमिनीला न टेकता दुसऱ्या फांद्यांवर अडकून पडलेली असेल, तर वरचा सेंटिमीटरभर भाग ओला आणि आतला गाभा कोरडा निघतो. म्हणजे दोन कामं आली: आडवं कापायचं आणि उभं फोडायचं. आडवं कापायला हॅचेट अगदीच वाईट. अर्धं लाकूड ढलप्यांत जातं आणि ढलपे डोळ्यांत. कुऱ्हाडवाले म्हणतात ते फोडण्याबद्दल. "करवतीने फोडून दाखव!" मुद्दा बिनतोड वाटतो. मलाही काही वर्षं वाटायचा.

पण फोडणं किती अवघड हे ठरवतं कोण? तुकड्याची लांबी आणि गाठी. दीड फुटाचा तुकडा, मधे दोन गाठी, त्याला कुऱ्हाडच हवी. आणि करवत हातात असली की दीड फुटाचा तुकडा घ्यायची सक्ती कुठे आहे? दोन गाठींच्या मधला वीतभर सरळ भाग कापून घ्या. तो इतका शहाण्यासारखा फुटतो की साधी सुरी पुरते: सुरीचं पातं वरच्या टोकावर टेकवायचं आणि पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकायचं. पातं दहा सेंटिमीटर, लाकूड पाच-सहा. दोन-तीन ठोक्यांत दोन फाकी. मग त्याच्या चार, चाराच्या आठ. हात फिरवायचा नाही, नेम धरायचा नाही. हे लक्षात आलं आणि माझ्यापुरता निकाल लागला. चांगली करवत कुऱ्हाडीचं काम स्वतः करत नाही, ते काम इतकं सोपं करून ठेवते की कुऱ्हाड लागत नाही.

आता वजनं. माझी करवत जपानी, सिल्की कंपनीची गोमबॉय, २४ सेंटिमीटरच्या घडीच्या पात्याची, पाव किलोच्या आसपास. सुरी स्वीडनची मोरा, म्यानासकट सव्वाशे ग्रॅमच्या आत. दोन्ही मिळून चारशे ग्रॅमसुद्धा नाहीत. फिस्कार्सची एक्स-७ हॅचेट (हो, तीच नारिंगी मुठीच्या कात्र्यांची फिनिश कंपनी) एकटी साधारण ६४० ग्रॅम. स्वीडनची ग्रॅन्सफोर्स ब्रुकची वाइल्डलाइफ हॅचेट सहाशेच्या आसपास, आणि ती घडवणाऱ्या लोहाराची आद्याक्षरं डोक्यावर ठोकलेली असतात. देखणी इतकी की दिवाणखान्यात ठेवावी. किंमतही तशीच, दीडशे डॉलरच्या पुढे. एका मित्राने घेतली आहे. तो ती जंगलात नेत नाही, ओरखडे पडतील म्हणून :)

जपानी करवतीची खुबी म्हणजे ती ओढताना कापते. ढकलताना कापणाऱ्या पात्याला वाकू नये म्हणून जाड राहावं लागतं. ओढलेलं पातं ताणलेलं असतं, म्हणून ते पातळ चालतं, चीर अरुंद पडते, भुसा कमी आणि श्रमही कमी. तोटा असा की सवयीने जोर लावून ढकललीत तर पातं वाकतं किंवा मोडतं. आणि दातांची टोकं विशेष कडक केलेली असल्याने ती कानशीने पाजवता येत नाहीत. बोथट झाली की पातं बदलायचं. पात्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या निदान दुप्पट असावी, नाहीतर दात भुसा बाहेर काढू शकत नाहीत. मनगटाला १७ सेंटिमीटरचं पातंही पुरतं, पण २४ चं घेतलं तर कामाला निम्मा वेळ लागतो असा माझा अनुभव.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. नेसमक या टोपणनावाने लिहिणारा जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हा हलक्या सामानाचा आद्यपुरुष. १८८३ साली तो साडेदहा पौंडांच्या होडक्यातून ॲडिरॉन्डॅक्समध्ये फिरला, इतका वजनाला कावलेला माणूस. तरी तो छोटी दुधारी हॅचेट जवळ बाळगायचा आणि १८८४ च्या 'वुडक्राफ्ट'मध्ये तिचं कौतुकही केलं. कॅनडाचे मॉर्स कोचान्स्की तर उत्तरेच्या जंगलात कुऱ्हाडीला फार वरचं स्थान देत. पण उणे तीसमध्ये रात्रभर आग जिवंत ठेवायची तर मनगटाएवढं लाकूड पुरत नाही. तिथे उभी वाळलेली झाडं आडवी करावी लागतात, आणि त्यांची कुऱ्हाडही हॅचेटपेक्षा मोठी. आमचा जीव शेकोटीवर अवलंबून नसतो. स्टोव्ह आहे, कोरडे कपडे आहेत, स्लीपिंग बॅग आहे. या तिन्हींशिवाय शेकोटीच्या भरवशावर कुणी ऑक्टोबरात लेकरांना घेऊन कॅस्केड्समध्ये जात असेल, तर त्याला करवतही सुचवू नये, घरीच बसवावं.

मग शेकोटी हवी कशाला? पावणेसातला अंधार पडतो म्हणून. नऊ वर्षांच्या मुलीला पावणेसातला झोप येत नाही, आणि तंबूत दोन तास पत्ते खेळून बापाची सहनशक्ती संपते. शिवाय तिला नुसतं बघत बसायचं नसतं. "बाबा, मी करू?" हा प्रश्न दर पाच मिनिटांनी येतो. हॅचेट असताना उत्तर 'नाही'च असतं, आणि 'लांब उभी राहा' हे वर. करवतीला मी लाकूड पायाखाली दाबून धरतो आणि ती दोन्ही हातांनी मूठ धरून ओढते. मोकळा हात पात्याजवळ उरतच नाही. गेल्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी तिने सात तुकडे कापले, मोजून. फोडायचं काम माझं, बारीक काड्यांचा ढीग लावायचं तिचं. पाऊस भुरभुरत होता, पहिल्या दोन काड्या विझल्या, तिसरी लागली.

कुऱ्हाड घरात नाही असं नाही. ती गाडीच्या डिकीत असते, विकतच्या जुडीतले जाड ओंडके बारीक करायला. तिथे वजनाची चिंता नसते, बसायला सपाट जमीन असते आणि फर्स्ट एडचा मोठा डबा हाताशी असतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा निघतोय, दोन रात्री, चालत. यादीत करवत, सुरी, व्हॅसलीन लावलेले कापसाचे बोळे. करवतीच्या मुठीचा स्क्रू ढिला झालाय, तो आज घट्ट करायचा आहे, आणि लहान हातांत बसतील असे हातमोजे कुठे मिळतात ते शोधायचं आहे.