नाण्यावरचा वळू

देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी मी एक परदेशी नाणं ठेवलं आहे. आयर्लंडचं, पाच पेन्सांचं. एका बाजूला वीणा, दुसऱ्या बाजूला अंगानं भरलेला वळू. शेजारच्या शेतकरी आजोबांनी ते माझ्या हातावर ठेवलं होतं, त्यांच्याकडून बटाट्याचं पहिलं पोतं घेतलं तेव्हा. तिकडच्या गुरांच्या बाजारात सौदा झाला की विकणारा घेणाऱ्याला शकुन म्हणून एखादं नाणं परत देतो. निफाडला दादांना मी पत्रातून त्याचं चित्र काढून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "बैल काढलास की वळू? वळूचं वशिंड नीट बघून काढ." तिकडच्या वळूला वशिंड नसतं, हे त्यांना पुढच्या पत्रात कळवावं लागलं.

१९८२ सालच्या ऑक्टोबरात, यांच्या हॉस्पिटलच्या नोकरीमुळे, आम्ही उत्तर आयर्लंडच्या आर्मा परगण्यात राहायला गेलो. सरहद्द घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. अलीकडे ब्रिटिश पौंड, पलीकडे आयरिश पंट. ३० मार्च १९७९ पर्यंत दोन्ही एकास एक होते, मग फारकत झाली. आम्ही गेलो तेव्हा पंट ऐंशी पेन्सांच्या आसपास होता. माझ्या पर्सला दोन कप्पे होते आणि आजोबांच्या शेताला दोन देश. काही वावरं अलीकडे, काही पलीकडे. एकच गाय सकाळी पौंडात चरायची, दुपारी पंटात.

त्यांच्या गोठ्याच्या दारावर खडूनं आकडे लिहिलेले असायचे. मला आधी वाटलं, दुधाचा हिशेब असेल. तो होता 'ग्रीन पौंडा'चा.

हे प्रकरण समजायला मला वर्ष लागलं. युरोपच्या सामायिक बाजारात शेतमालाचा आधारभाव सगळ्या देशांसाठी मिळून एकच ठरे, हिशेबाच्या एका वेगळ्या एककात. मग तो प्रत्येक देशाच्या चलनात उतरवायचा. ऑगस्ट १९६९ मध्ये फ्रान्सनं फ्रँकचं ११.१ टक्के अवमूल्यन केलं आणि दोनच महिन्यांत जर्मनीनं मार्क वर नेला. नियमानं फ्रान्समध्ये अन्नधान्य एकदम महागायला हवं होतं आणि जर्मन शेतकऱ्याच्या हातात कमी मार्क पडायला हवे होते. दोघांनाही ते परवडणारं नव्हतं. म्हणून शेतमालापुरता वेगळा दर काढला: ग्रीन फ्रँक, ग्रीन मार्क, पुढे ग्रीन पौंड. बाजारातला दर आणि हा हिरवा दर यांत फरक पडला की तो सरहद्दीवर भरून काढायचा. एका दिशेनं माल गेला तर आकारणी, दुसऱ्या दिशेनं गेला तर अनुदान.

१९७६ साली पौंड कोसळला, पण सरकारनं ग्रीन पौंड वरच ठेवला, म्हणजे शहरातल्या माणसाला भाकरी स्वस्त. दोन्हींतली तफावत चाळीस टक्क्यांच्या वर गेली होती. तेव्हा उत्तरेची गुरं रात्री दक्षिणेत जायची, कारण तिथं भाव चढा. आम्ही गेलो तोवर वारं फिरलं होतं. पौंड तेजीत, चढा भाव उत्तरेत, आणि गुरं रात्रीची उलट्या दिशेनं येत होती. डुकरांचं तर चक्रच चाले: दिवसा नाक्यावरून कागद दाखवून नेली, अनुदान घेतलं, रात्री आडरस्त्यानं परत आणली. अंथरुणात पडल्या पडल्या मला ट्रकचा आवाज आणि आतली चिरचिर ऐकू यायची. लष्करानं बरेच आडरस्ते खणून ठेवले होते, तरी वाट सापडायचीच. कोण नेतं, हे कुणी विचारत नसे. दिवस हिंसाचाराचे होते, पण डुकरांच्या धंद्यात धर्म आड येत नव्हता.

ती व्यवस्था पैसा फार खायची आणि चोरी शिकवायची, हे मला मान्य आहे. तरीही मला त्या दिवसांची ओढ आहे. चहाच्या टेबलावर, चर्चच्या पायरीवर चलनाबद्दल बोलणं व्हायचं. चौथी-पाचवी शिकलेला माणूस सांगायचा की बॉनमध्ये काय ठरलं म्हणजे आपल्या कालवडीचं काय होईल. लासलगावला कांद्याचा लिलाव बघत वाढलेल्या मला ती माणसं आपली वाटली.

आयर्लंडनं १९२८ साली स्वतःची नाणी काढली, तेव्हा त्यांची चित्रं ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष कवी यीट्स होते. त्यांनी राजेमहाराजे नाही घेतले. घोडा, वळू, पिलांसकट डुकरीण, पिलांसकट कोंबडी घेतली. शेतकऱ्याचं धन पैशावर.

१ जानेवारी १९९३ ला एकसंध बाजार आला, सरहद्दीवरची आकारणी संपली, नाक्याची चौकी ओस पडली. पंट २००२ साली गेला. एका युरोला ०.७८७५६४ पंट, हा आकडा कायमचा. फ्रान्स आणि जर्मनीचा तो जुना पेचही युरोबरोबर मिटला. फ्रँकच नाही, तर अवमूल्यन कशाचं? पोलंडचा झ्लॉटी, हंगेरीचा फोरिंट मात्र अजून बाहेर आहेत आणि तिथला शेतकरी अजून रोजचा दर बघतो.

आमच्याकडे पौंड राहिला. जून २०१६ मध्ये ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला आणि पौंड घसरला. आजोबा केव्हाच गेले होते. त्यांच्या मुलाला अलीकडच्या वावरांचं युरोपचं अनुदान पौंडात मिळायचं. २०१५ साली हजार युरोंचे ७३१ पौंड झाले, पुढच्या वर्षी ८५२. एक काडी जास्त न कापता. आणि त्याच पौंडानं सरहद्दीपलीकडे मोनॅहन परगण्यात मश्रूमवाल्यांचं कंबरडं मोडलं. त्यांचा बहुतांश माल ब्रिटनला जातो, करार पौंडात. शंभर पौंडांच्या मालाचे आदल्या हिवाळ्यात १४३ युरो येत. ऑक्टोबरात १११ यायला लागले. मजुरी युरोत, वीज युरोत. कौलानंतर काही आठवड्यांतच आयर्लंडमधल्या काही मश्रूम शेड बंद पडल्या. सरहद्दीवर फरक भरून देणारं आता कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी भाचा निफाडहून आला. त्याच्या द्राक्षांचे कंटेनर रॉटरडॅमला जातात. त्याला घेऊन शेजारी गेले. आजोबांच्या मुलाची कोकरं दक्षिणेतल्या कत्तलखान्यात जायला गाडीत चढत होती. भाव किलोला युरोत होता आणि तो अंगठ्यानं फोनवर पौंड करत होता. भाचा पुढे वाकून बघत म्हणाला, "आत्या, मी पण हेच ॲप वापरतो." दोघं मग गोठ्याच्या दाराला टेकून तासभर बोलत बसले, एकमेकांचं निम्मंच इंग्रजी समजून. दाराला आता हिरवा रंग दिला आहे.

घरी आल्यावर त्यानं देव्हाऱ्यातलं नाणं उचललं. "याचे आता किती येतील?" डब्लिनची मध्यवर्ती बँक जुनी नाणी अजून बदलून देते. सहा सेंट, मी म्हटलं. त्यानं ते परत टाकांजवळ ठेवलं, वळू वर करून.