सिवाची वाळू

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात आम्ही दोन वर्षे राहिलो. ह्यांची नोकरी तिथे होती. शाळेतून बिनपगारी रजा मिळाली आणि अम्मीही आमच्याबरोबर आल्या. आम्हा सासू-सुनांचे एका बाबतीत चांगले जुळत असे, दोघींचेही गुडघे दुखायचे. एकीचे फळ्यापुढे वीस वर्षे उभे राहून, दुसरीचे वयाने. अम्मी कित्येक दिवस खुर्चीवर बसूनच नमाज पढत होत्या. जमिनीला कपाळ टेकून सजदा करता यावा, एवढीच त्यांची दुआ असे.

शेजारणीने सिवाचे नाव काढले. तिथे उन्हाळ्यात माणसाला गरम वाळूत गळ्यापर्यंत पुरतात आणि सांधे मोकळे होतात, म्हणाली. आम्हाला आधी हसूच आले. अम्मींना मात्र आले नाही. ऑगस्टमध्ये आम्ही निघालो.

अलेक्झांड्रियाहून समुद्राकाठाने मर्सा मत्रूह आणि तिथून दक्षिणेला वाळवंटातून आणखी तीनशे किलोमीटर. मत्रूह सुटले की हिरवे पानही दिसत नाही. मग एकदम खाली खोलगट भागात खजुरीची, जैतुनाची झाडे आणि मिठाची सरोवरे दिसू लागतात. ही जागा समुद्रसपाटीपेक्षाही खाली आहे, आणि लिबियाची सरहद्द इथून जेमतेम पन्नास किलोमीटर. ज्या सिकंदराने अलेक्झांड्रिया वसवले, तोच इ.स.पू. ३३१ मध्ये इथल्या मंदिरात कौल घ्यायला आला होता. गावाच्या मधोमध शाली नावाची जुनी गढी आहे, मीठ मिसळलेल्या मातीची. १९२६ साली सलग तीन दिवस पाऊस पडला आणि तिथली घरे विरघळली. चिपळूणच्या माणसाने यावर काय बोलावे! तीन दिवसांच्या पावसाला आमच्याकडे कुणी पाऊससुद्धा म्हणत नाही.

वाळूचे उपचार गावाबाहेर, दक्रूर डोंगराच्या पायथ्याशी चालतात. तंबूच्या दाराशी एक वयस्क गृहस्थ बसले होते. वाडवडिलांपासून त्यांच्या घरात हेच काम. शेजारी रक्तदाब मोजायचे यंत्र. त्यांनी अम्मींच्या दंडाला पट्टा बांधला, गोळ्यांची पिशवी मागितली, एकेक पाकीट उलटसुलट पाहिले आणि छातीवर हात ठेवून मान हलवली. ते अरबीत बोलत होते, पण ‘कल्ब’ आणि ‘दवा’ हे दोन शब्द आमच्या उर्दूतही आहेत. अम्मींना तेवढे पुरले.

ह्यांनी दुप्पट पैसे देऊ केले. अम्मी म्हणाल्या, आजची गोळी घेत नाही, मग तर चालेल? गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्यांनी अम्मींना आपल्या जागेवर बसवले, हातात गरम चहा दिला. पण नकार तो नकारच. सहाशे किलोमीटर आलेल्या बाईला परत पाठवणे सोपे नसते. आमच्याकडे गावोगावी सांधेदुखीवर औषध देणारे बसलेले आहेत, त्यातल्या किती जणांनी असे गिऱ्हाईक परत पाठवले असेल?

सून तेवढी वाळूत गेली. बायकांची व्यवस्था वेगळी होती, पुरणाऱ्याही बायकाच. खड्डा सकाळीच खणून ठेवतात, म्हणजे दुपारपर्यंत ऊन आत मुरते. सैल झगा घालून आडवे व्हायचे, वर वाळू लोटतात, डोक्यावर सावली धरतात. पहिल्या क्षणी जीव घाबरतो. वाळूचे वजन एवढे असते की हाताचे बोटही हलत नाही आणि स्वतःच्या हृदयाचे ठोके कानात ऐकू येतात. अम्मींना नाही का म्हणाले, ते तिथे कळले. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर काढून घोंगडीत गुंडाळतात, तापलेल्या तंबूत बसवतात आणि मेथीचा कढत काढा पाजतात. थंड पाणी नाही, पंखा नाही, वारा लागू द्यायचा नाही, तिन्ही दिवस आंघोळसुद्धा नाही. आमच्याकडच्या बाळंतिणीचीच पथ्ये म्हणा ना!

तिसऱ्या संध्याकाळी त्या बायकांपैकी एक आमच्या खोलीवर आली. तिची सिवी भाषा आम्हाला एक अक्षर कळत नव्हती. तिने ओढणीच्या टोकातून आणलेली वाळू तव्यावर गरम केली, फडक्यात बांधली आणि अम्मींचे गुडघे तासभर शेकले. पैसे घेतले नाहीत. चिपळूणला अम्मींच्या आईही मिठाची पुरचुंडी अशीच करत. अम्मी त्या बाईचा हात सोडत नव्हत्या.

सुनेचे गुडघे तीन-चार महिने बरे राहिले. जिना चढताना कठड्याला धरावे लागत नसे. हिवाळा सरता सरता दुखणे परत आले आणि डॉक्टरांच्या गोळ्या, व्यायाम पुन्हा सुरू झाले. फडक्यातली ती मूठभर वाळू अम्मींनी चिपळूणला आणली आहे. थंडीत रात्री तव्यावर तापवतात, आधी आपले गुडघे शेकतात, मग सुनेला हाक मारतात. नमाज अजून खुर्चीवरच असते.