गुरुवारचे पाणी

पुण्यात राहणाऱ्यांना ती बातमी तोंडपाठ असते. येत्या गुरुवारी देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी पाणी बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येणार. खाली पर्वती, वडगाव, लष्कर, वारजे अशा जलकेंद्रांची नावे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या भागांची यादी. कित्येक वर्षे ही बातमी वाचून मी चिडत असे. दवाखान्यात हात धुवायला पाणी नको का?

माझी ही चिडचिड थांबवली ती एका रुग्णाने. गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे, मधुमेही आणि पाणीपुरवठ्याच्या कामातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "डॉक्टर, वर्षभर फिरवला नाही तर व्हॉल्व्ह जाम होतो. मग जलवाहिनी फुटते त्या रात्री चार माणसे लटकली तरी तो बसत नाही. म्हणून काही बिघडलेले नसतानाच पंप थांबवायचा, व्हॉल्व्ह फिरवून पाहायचा, गळती काढायची. बिघडल्यावर केलेले काम ते कसले काम?"

रक्तदाबाच्या गोळ्या 'काही त्रास नाही' म्हणून सोडून देणाऱ्या रुग्णांना मी हेच सांगत आलो होतो, फक्त इतके नेमके मला कधी सांगता आले नव्हते.

या शहराला ही समज नवी नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत जमिनीखालून पाणी आणले गेले. त्या बंदिस्त नळावर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. उच्छ्वास म्हणजे नळाला श्वास घेण्याची वाट. बांधणाऱ्यांनी नळाच्या प्रकृतीचा विचार आधीच करून ठेवला होता, असे मला तो शब्द ऐकला की वाटते.

मात्र पाणी बंद ठेवण्यातही एक धोका असतो, आणि तो घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. नळाला दाब असतो तोपर्यंत पाणी आतून बाहेर गळते. बाहेरची घाण आत शिरू शकत नाही. पुरवठा थांबला की नळ रिकामा होऊ लागतो, आत पोकळी निर्माण होते आणि सांध्यांतून, बारीक तड्यांतून भोवतालचे पाणी आत ओढले जाते. शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असेल तर पुढचे सांगायला नको. म्हणून शुक्रवारचे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये. ते झाडांना घालावे, संडासासाठी बादलीत धरावे. गढूळपणा आणि वास गेल्यावर पिण्याचे भरावे, गाळावे, आणि खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे. नुसत्या गाळण्याने जंतू मरत नाहीत.

नळाच्या टोकाशी दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, असे मानक आहे. आरोग्य कर्मचारी ओ. टी. चाचणीचे थेंब टाकून पाहतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. आमचे फिटरकाका इमारतीच्या टाकीतील पाण्यावर ही चाचणी अजून हौसेने करतात. टाकीच वर्षानुवर्षे धुतली नसेल तर जलकेंद्रात घातलेल्या क्लोरीनने तरी किती पुरे पडावे? घरच्या शुद्धीकरण यंत्रातही क्लोरीन निघून जातो, त्यामुळे त्यातले पाणी भांड्यात दोन-दोन दिवस साठवू नये.

दूषित पाण्याचा आजार लगेच ओळखू येत नाही. जुलाब एक-दोन दिवसांत सुरू होतात, पण कावीळ कित्येक आठवड्यांनी दिसते. तोवर तो शुक्रवार कोणाच्या लक्षात राहणार? 2025च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण आढळू लागले, अनेकांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, तेव्हा पाण्याविषयी विचारत माझ्याकडे रांग लागली होती. महिनाभरात ती ओसरली. त्या रांगेतील किती जणांनी पुढे आपल्या इमारतीची टाकी धुवून घेतली, हे मी एकेकाला विचारून पाहिले आहे. उत्तर उत्साहवर्धक नाही.

एवढे सगळे इतरांना सांगणाऱ्या माझ्याच घरी जे घडले, ते आता सांगतो. मागच्या उन्हाळ्यातला असाच एक गुरुवार. मी आदल्या रात्री पिंप भरले, कळशा भरल्या, पिण्याचे पाणी उकळून झाकून ठेवले. माझी आई ब्याऐंशी वर्षांची. रक्तदाबासाठी तिला लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. शुक्रवारी सकाळी ती अंथरुणातून उठली, दोन पावले चालली आणि दारापाशी कोसळली. मनगटाचे हाड मोडले. आडवी असताना वरचा रक्तदाब 130 होता. धरून उभी केली तर 96. जीभ कोरडी पडलेली.

"आई, काल पाणी प्यायली नाहीस का गं?"

"संडासाला किती बादल्या लागतात रे! मीच कमी प्यायले म्हणजे भागेल म्हटलं."

घरात पाणी भरपूर होते. ते तिच्यासाठीही आहे, हे तिला सांगायचे राहून गेले होते. म्हातारपणी तहानेची जाणीव मुळातच मंदावते, त्यात ही गोळी आणि उन्हाळा. हे मी एम.बी.बी.एस.ला शिकलो आहे, परक्यांच्या आयांना रोज समजावतो आहे. स्वतःच्या आईला दिवसभरात एकदाही विचारले नाही. सहा आठवडे ती प्लॅस्टरमध्ये होती, आणि वेणी घालायला तिला दुसऱ्याचा हात लागत होता.

तेव्हापासून पाणी बंद असण्याच्या आदल्या दिवशी संबंधित रुग्णांना मी गोळीविषयी फोन करायला सांगतो. मनाने गोळी कोणी बंद करू नये, पण विचारावे जरूर. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांचे प्रमाण वेगळे. भरलेल्या बादल्या ज्येष्ठांनी उचलू नयेत. तांब्याने काढून घ्यावे. आणि पिंपांना झाकण हवेच, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

फिटरकाकांनी हे सगळे ऐकून घेतले आणि हळहळले. मी त्यांना विचारले, "डोळ्यांच्या पडद्याची तपासणी केव्हा केली होती?" मधुमेह्याने ती दरवर्षी करायची असते. ते खिडकीकडे पाहू लागले. "दिसतंय की नीट," म्हणाले. मग स्वतःच हसले, आणि चिठ्ठी मागून घेतली. अजून गेलेले नाहीत. मी विचारणे सोडलेले नाही.

आईने स्वतःची युक्ती काढली आहे. दोन वाट्या आणि सहा चिंचोके. पेलाभर पाणी प्यायले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. गेल्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी दवाखान्यातून आलो, तर पहिल्या वाटीत अजून दोन शिल्लक होते. मी पेला पुढे केला. एक ती प्यायली. दुसऱ्याला ठाम नकार दिला. रात्री उठावे लागते म्हणाली, आणि उरलेला चिंचोका उद्याच्या वाटीत टाकून मोकळी झाली.