वाळूजची बिअर आणि नाथसागराचे पाणी

पुण्याकडून एसटीने छत्रपती संभाजीनगरला येताना शहराच्या अलीकडे वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. वेरूळ-अजिंठ्याच्या ओढीने निघालेला प्रवासी तिच्याकडे पाहतही नाही. वाचकहो, तुम्ही मात्र शेतकरी आहात; जरा थांबा. मोटारी, औषधे यांच्या जोडीला इथे बिअरही तयार होते, आणि बिअर म्हणजे शेवटी धान्य आणि पाणी.

हे धान्य म्हणजे जव, आपला सातू. तो बहुतेक राजस्थान-हरियाणाकडून येतो. जव भिजवून त्याला मोड आणतात आणि मोड वाढायच्या आत वाळवतात. घरच्या बायकांना यात नवल वाटणार नाही. नाचणीचे सत्त्व करताना त्या हेच करतात. मोड येताना दाण्यात असा पाचक रस तयार होतो, की पुढे गरम पाण्यात पिठाची साखर होते.

अमेरिकेत कित्येक कुटुंबे घरीच बिअर गाळतात. 1978 साली तिथल्या केंद्र सरकारने घरगुती वापरापुरती तशी मुभा दिली. तिकडची ‘अंबर एल’ ही गुळाच्या पाकासारखी तांबूस असते. हा रंग वरून घातलेला नसतो. थोडे मोडाचे जव खरपूस भाजून घेतले की तो आपोआप उतरतो. वीस लिटरला साधारण पाच किलो भरडलेले जव लागतात. ते 67 अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायचे, गोड पाणी गाळून हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळायचे, निववायचे आणि यीस्ट घालून 18-20 अंशांत दोनेक आठवडे आंबवायचे. मराठवाड्याच्या वैशाखात ही थंडाई आणायची कुठून, हा प्रश्नच आहे! शिवाय आपल्याकडे परवान्यावाचून घरी बिअर गाळणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. म्हणून ही कृती वाचून सोडून द्या.

खरा विषय पाण्याचा. एक लिटर बिअरमागे कारखान्यात चारेक लिटर पाणी खर्ची पडते. त्यातले बरेचसे टाक्या-बाटल्या धुण्यात जाते. वाळूजला हे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. पैठणला गेलात तर बांधावर उभे राहून नाथसागर पाहाच. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. भरलेला असला की पलीकडचा काठ दिसत नाही. पण 2016 च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यावर दिवस काढावे लागले. त्याच एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. माणसांना प्यायला नाही आणि बिअरला पाणी, असा संताप उसळला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठापुढे गेले. मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी 50 टक्के आणि 10 मेपासून 60 टक्के कपात करण्याचा आदेश निघाला. इतर उद्योगांची कपात त्याहून कमी होती.

तो संताप रास्त होता. तरी एक हिशेब आपण आपल्याच बांधावर बसून करावा. एक एकर उसाला वर्षाकाठी सुमारे 80 लाख लिटर पाणी लागते. तेवढ्या पाण्यात कारखान्यात वीस लाख लिटर बिअर निघेल. जव पिकवायला लागलेले पाणी वेगळे, पण ते राजस्थानच्या खात्यावर पडते. उसाचे मात्र आपल्या विहिरीवर आणि आपल्याच कालव्यावर. ऊस माझ्या शेजाऱ्याचा असो की सोयऱ्याचा, पाणी मोजायचे तर दोन्हीकडचे मोजले पाहिजे. उसाला पंप लावून बिअरवाल्याला शिव्या देणे सोपे असते, एवढेच.

या कारखानदारीतून गोठ्याच्या कामाची एक गोष्ट बाहेर पडते. गोड पाणी गाळून झाल्यावर जवाचा ओला चोथा उरतो. त्यात प्रथिने बरी असतात आणि दुभती जनावरे तो आवडीने खातात. तो पेंडीच्या जोडीला बेताने द्यावा, नुसत्या चोथ्यावर जनावर ठेवू नये. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांतच तो आंबतो आणि बुरशी धरतो. तेव्हा लागेल तेवढाच आणावा, सावलीत ठेवावा आणि वास बदललेला चोथा गव्हाणीत न टाकता सरळ उकिरड्यावर न्यावा.