गिरणाकाठचा सवाल

मागच्या महिन्यात कजगाव स्टेशनवर उतरून आम्ही भडगावला गेलो. गिरणाकाठची काळी जमीन, केळी-कपाशीचे मळे पाहून डोळे निवले. बौद्ध वस्तीत जयभीम झाला. एक आजी म्हणाल्या, "भाऊ, त्यामा आपलं काय शे?"

याच सवालासाठी १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेशातील भूमिहीनांनी सत्याग्रह केला. त्यांच्या नावाने २००४ पासून शासकीय योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तीत तरतूद आहे. पण एकट्याने विहीर, बैलजोडी, बियाणे आणायचे कोठून? मग हाती आलेली जमीनही दुसऱ्याला कसायला द्यावी लागते.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मार्ग सांगितला होता : जातपात न पाहता गावकऱ्यांनी सामुदायिक शेती करावी, पाणी, जनावरे, अवजारे, बियाणे राज्याने पुरवावे. राज्य जागे होईपर्यंत पाच घरांनी तरी एकत्र यावे. विहीर एक, बैलजोडी एक, वही एक. हिशेब मात्र दर पौर्णिमेला विहारात सर्वांसमोर वाचावा.

आजी म्हणाल्या, "हिशोब लिखाले तुम्ही येशात ना?"

आम्ही हो म्हणून आलो आहोत.