वळिवड्याचा थांबा

बेळगावहून कोल्हापूरला जायचे तर निपाणीमार्गे मोटारीने जावे, हा शहाण्यांचा मार्ग. मी मुद्दाम आगगाडीने गेले. घटप्रभा, रायबाग, कुडची करीत मिरजेला उतरायचे, तेथे तासभर चहा पीत बसायचे आणि मग कोल्हापूरची गाडी धरायची. या आडवळणाला कारण माझी आई. तिचे बालपण रुकडीला गेले. रुकडी सोडून गाडी पंचगंगेच्या पुलावर आली की, चाकांचा आवाज बदलला की, ती पदर सावरून खिडकीशी सरकत असे आणि म्हणत असे, "आता वळिवडे येईल. तिथे मडमांची छावणी होती." आम्हा भावंडांना त्या वाक्याचे काही वाटत नसे. खिडकीतून ऊस दिसे, वीटभट्ट्या दिसत. मडम कुठेच दिसत नसे.

आई जाऊन आता तीन वर्षे झाली. तिचे एक काम राहून गेले होते, ते करायला मी निघाले होते.

ही छावणी काय होती, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पाठोपाठ १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंड गिळला. पूर्व भागातील पोलिश कुटुंबांना फेब्रुवारी १९४० पासून मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आले. पुरुष लाकूडतोडीला, बायकाही लाकूडतोडीला, आणि पोरे भाकरीच्या रांगेत. पुढे १९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावरच उलटला. मग पोलिश सरकार आणि रशिया यांच्यात करार होऊन या लोकांची सुटका झाली. म्हणजे कागदावर झाली. अंगावर चिंध्या, पोटात अन्न नाही, अशा स्थितीत ते दक्षिणेकडे, उबेच्या दिशेने चालत सुटले. कॅस्पियन ओलांडून हजारो जण १९४२ मध्ये इराणात उतरले. वाटेत किती पोरे अनाथ झाली याची कल्पना करवत नाही.

त्यांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. जग युद्धात होते आणि पाहुणे कुणालाच नको होते. अशा वेळी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी पुढे आले. बडोद्याच्या वाचकांना ही कथा नवी नसेल. जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी येथे आपल्या उन्हाळी महालाच्या शेजारी त्यांनी पोलिश मुलांसाठी वसाहत उभारली. नरेंद्रमंडळाचे ते त्या वेळी अध्यक्ष होते. त्यांनी इतर संस्थानिकांकडून वर्गणी गोळा केली, टाटांसारख्या उद्योगपतींनीही हात दिला. १९४२ ते १९४६ या काळात एक हजाराच्या आसपास मुले तेथे वाढली. मुले त्यांना बापू म्हणत. आज त्या जागी सैनिकी शाळा आहे.

पण जामसाहेबांनी दार उघडले, तरी मुलांना त्या दारापर्यंत आणणारे हात वेगळेच होते, आणि त्यांची नावे आपल्याकडे फारशी कुणी घेत नाही. मुंबईतील पोलिश वकिलाची पत्नी किरा बनासिन्स्का ही त्यांपैकी एक. पोलिश रेडक्रॉसची भारतातील प्रतिनिधी म्हणून तिने ट्रकांचे तांडे उभे केले. क्वेट्ट्याहून इराणच्या वाळवंटातून मशहदमार्गे थेट अश्काबादपर्यंत औषधे आणि कपडे घेऊन ट्रक जात आणि परतीला मुले घेऊन येत. सोबत होती हांका ओर्दोनुव्हना, वॉर्सातील रंगभूमीची लाडकी गायिका. स्वतः क्षयाने पोखरलेली. तरी अनाथ पोरांना सांभाळत ती मुंबईपर्यंत आली. पुढे त्या भटक्या पोरांवर तिने टोपणनावाने एक पुस्तक लिहिले आणि १९५० मध्ये बैरुतला तिचा अंत झाला. मायदेश पुन्हा दिसला नाही.

किराबाईंचे तर नवलच. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील नव्या कम्युनिस्ट राजवटीला दिली. वकिलात गेली. कालपर्यंत जे निर्वासितांना कागदपत्रे मिळवून देत होते, ते पतिपत्नी आता स्वतःच निर्वासित! ते दोघे भारतातच राहिले. पतीच्या पश्चात बाई हैदराबादला स्थायिक होऊन समाजकार्यात रमल्या. नव्वदी ओलांडल्यावर, १९९१ साली, त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ मध्ये शंभरी पार करून त्या गेल्या. हैदराबादच्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी त्यांना पाहिले असेल तर त्यांनी जरूर लिहावे.

असो. मी वळिवड्याकडे निघाले होते.

बालाचडी मुलांसाठी होती. वळिवड्याला आल्या त्या बहुतांशी बायका, मुले आणि म्हातारी माणसे. कर्ते पुरुष फौजेत भरती होऊन आघाडीवर गेलेले. १९४३ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी, कराचीमार्गे, त्यांच्या गाड्या येऊ लागल्या. कोल्हापूरचे राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते, गादीवर अल्पवयीन राजे होते. परंतु संस्थानाने जागा दिली. खर्च लंडनमधील पोलिश सरकारचा. दगडी जोत्यावर बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौले, अशा लांबलचक बराकी ओळीने उभ्या राहिल्या आणि ऐन भरात तेथे पाच हजारांच्या घरात माणसे नांदू लागली. चर्च झाले, दवाखाना झाला, शाळा झाल्या, नाटकगृह झाले, बालवीरांची पथके झाली. पोलंडच्या नकाशावरून जो मुलूख पुसला गेला, त्याचे एक गाव पंचगंगेच्या काठी पाच वर्षे नांदले, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

आईचे मामा बैलगाडीने छावणीच्या बाजारात भाजी आणि पेरू न्यायचे. आठ-नऊ वर्षांची आई कधीतरी हट्टाने गाडीत बसून जायची. तिच्या तोंडून आम्ही ऐकले ते असे: केस पांढुरक्या सोन्यासारखे, पायांत लाकडी खडावा, आणि भाव करताना बोटांनी आकडे दाखवणाऱ्या बायका. काही जणी दोन-तीन महिन्यांत "किती?" आणि "महाग, महाग!" म्हणायला शिकल्या होत्या. रुकडीकरांच्या लेखी त्या सगळ्या मडमा. गोऱ्या म्हणजे राज्यकर्त्या जातीच्या, हा हिशेब. यांचे घर, शेत, देश सगळे गेले आहे, हे कुणी सांगितले असते तरी खरे वाटले नसते.

त्या बाजारात आईच्याच वयाची एक मुलगी येत असे. मामांनी एकदा तिला एक पेरू असाच दिला. तिने अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा झग्याच्या खिशात घातला. दुसऱ्या खेपेला पावाचा तुकडाही तसाच खिशात. आईला हसू आले. तिने मामेभावंडांना सांगितले, आणि मग त्या पोरीला पाहिले की सगळी पोरे आपापल्या खिशांवर हात मारून दाखवीत, "खिसेवाली, खिसेवाली" म्हणत. मराठी तिला कळत नव्हते. पण खिशावर मारलेला हात कुणालाही कळतो. पुढे ती त्यांच्या गाडीकडे येईनाशी झाली.

ही गोष्ट आई आम्हाला गंमत म्हणून सांगत आली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्याला स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. त्या छावणीत लहानाचे मोठे झालेले काही वृद्ध पोलिश पाहुणे त्यासाठी मुद्दाम आले होते. वर्तमानपत्रांत पानभर मजकूर आला आणि मी तो आईला वाचून दाखवला. सैबेरियाहून सुटलेली मुले पोटभर जेवण मिळू लागल्यावरही पाव उशीखाली, खिशात लपवून ठेवीत, उद्या मिळेल याचा भरवसा त्यांना वाटत नसे, असे त्यात होते. आईने चष्मा काढला. तेवढा भाग पुन्हा वाच म्हणाली. मग दुपारभर बोलली नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाल्यावर म्हणाली, "त्यांची तिथे थडगी आहेत म्हणतात. एकदा फुले वाहून येऊ गं." मग करोना आला, मग तिचे गुडघे, मग तीच गेली.

वळिवड्याच्या थांब्यावर उतरणारी मी आणि एक दूधवाला, दोघेच. छावणीची जागा शोधायला फार चालावे लागत नाही, पण ओळखायला डोळे ताणावे लागतात. कारण आज तेथे गांधीनगर आहे. १९४८ च्या आरंभी शेवटचे पोलिश लोक इंग्लंड, पोलंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया असे जिकडे वाट फुटेल तिकडे गेले, आणि रिकाम्या झालेल्या त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित आले. एका बेघरांनी जागा सोडावी आणि दुसऱ्या बेघरांनी तेथे चूल मांडावी, असा योग क्वचितच येत असेल. त्या चुलीतून आजची कापडपेठ उभी राहिली. पश्चिम महाराष्ट्रातलेच काय, आमच्या बेळगाव-निपाणीकडचे दुकानदारही घाऊक मालासाठी तेथे जातात. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना ताग्यांच्या थप्प्या, हमालांच्या आरोळ्या. छावणीची शांत सरळ ओळ कल्पनेनेच मांडावी लागते.

एका दुकानाच्या गादीवर ऐंशीच्या पुढचे एक सिंधी गृहस्थ बसले होते. मी जुन्या बराकींची चौकशी केली तर अस्सल कोल्हापुरीत म्हणाले, "बसा की बाई, उनातनं आलायसा. बराकी कुठल्या आता? समद्या पडल्या, मागं एखादी भिंत असंल." पाणी मागवले. त्यांचे वडील लारकान्याकडून निघाले तेव्हा हे कडेवर होते. वडील सांगत, की बराकीत शिरले तेव्हा आधीच्या माणसांनी खोली झाडून ठेवली होती आणि खिडकीत एक कुंडी होती. रोपाला पाणी घातलेले. "कोण व्हती ती मान्सं, आमास्नी ठावंबी नव्हतं," म्हातारबाबा म्हणाले. मी त्यांच्याकडून दोन चादरी घेतल्या. भाव मात्र त्यांनी एक रुपयाने कमी केला नाही.

कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी १९९८ मध्ये कृतज्ञतेचे स्मारक उभारले आहे. फिरायला येणाऱ्यांपैकी फारच थोडे त्यापाशी थांबतात. उलट वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, तेथील एक शाळा त्यांचे नाव मिरवते, कोल्हापूरचेही स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन फुले वाहिली. हे सारे उत्तमच झाले. तरी मला राहून राहून वाटते, की सन्मान करायला निघालेले जग आधी महाराजांपाशी पोचते, आणि मग क्वचित बाकीच्यांपाशी. वांदा दिनोव्स्का हे नाव किती जणांना ठाऊक आहे? ही पोलिश बाई १९३५ मध्ये भारतात आली आणि उमादेवी म्हणून येथलीच झाली. युद्धकाळात येथील पोलिश निर्वासितांना तिने भारताची ओळख करून दिली; मॉरिस फ्रिडमन या आपल्या देशबंधूबरोबर भारतीय ग्रंथ पोलिश भाषेत आणण्यासाठी ग्रंथमाला काढली. आणि १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले तेव्हा सत्तरीच्या घरातील ही बाई धरमशाळेत त्यांच्या मुलांसाठी राबत होती. १९७१ मध्ये ती म्हैसूरला वारली. फ्रिडमन तर आपल्या ओळखीचे: औंध संस्थानात लोकराज्याचा प्रयोग झाला त्याच्या मसुद्यात त्यांचा हात होता, आणि निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे त्यांनीच इंग्रजीत नेली. तिबेटी लोकांसाठी तेही झिजले. आमच्या बेळगावहून मुंडगोडची तिबेटी वसाहत पाहायला सहली जातात; तेथे या दोघांची आठवण काढणारे कुणी मला अद्याप भेटलेले नाही.

दफनभूमी मी शेवटी ठेवली होती. पोलिश थडगी तेथे सत्तरांहून अधिक आहेत. मध्यंतरी पार मोडकळीला आली होती. अलीकडे डागडुजी झाली आहे. दगडांवरची नावे मला नीट वाचता येईनात, व्यंजनांची नुसती गर्दी. पण साल वाचता येते. काही दगडांवर जन्म आणि मृत्यू यांतले अंतर बोटांवर मोजण्याइतके होते. मी रुकडीच्या पोरीचे नाव शोधत नव्हते. ते आईलाही माहीत नव्हते, आणि ती बहुधा मोठी होऊन कुठल्याशा देशात आजी झाली असेल. मी शेवंतीची फुले नेली होती. ती सगळ्यांना पुरणार नाहीत, हे तेथे गेल्यावर ध्यानात आले. मग लहान थडग्यांवर एकेक ठेवीत गेले.

राखणदाराने विचारले, "कुणी तुमचं हाय का हितं?"

काय सांगावे कळेना. "आईच्या ओळखीची एक होती," म्हटले.

त्याने जास्त विचारले नाही. नळाची तोटी दाखवून म्हणाला, "थोडं पानी मारा फुलांवर, सांजपत्तुर टिकतील."