शून्य मिळालं की पास

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा त्यांचा डावा हात सुरुवातीला नुसता लोंबत होता. मग तो आखडत गेला. कोपर दुमडलं, मनगट आत वळलं, मूठ घट्ट मिटली. शेजारी म्हणायचे, ‘हातात ताकद यायला लागली की!’ ती ताकद नव्हती. मेंदूकडून येणारा लगाम सुटला की स्नायू ताणताच उलट आवळतात. हात जितक्या झटक्यानं ओढावा तितका अडतो. अण्णांची नखं तळव्यात रुतायची, मुठीला वास यायचा आणि सदऱ्याची बाही चढवताना आई रोज रडकुंडीला यायची.

गोळ्यांनी हात थोडा सैलावला, पण अण्णा दिवसभर पेंगायचे. शेवटी कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी बोटॉक्सचा विषय काढला.

‘ते सुरकुत्यांचं?’ आई दचकली.

सुरकुत्यांचा नंबर बराच नंतरचा. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी हे जिवाणूचं विष तिरळेपणावर वापरून पाहिलं, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती डोळ्यांच्या विकारांसाठी. आखडलेल्या हातासाठीची मान्यता २०१० ची. अत्यल्प मात्रेत टोचलेलं हे विष मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन सुटू देत नाही. आवळण्याचा हुकूम स्नायूपर्यंत जातच नाही.

सुई टोचण्याआधी फिजिओ मॅडमनी विचारलं, ‘हातानं करायचंय काय?’ अण्णा म्हणाले, ‘चेतक चालवायचीय.’ जुन्या चेतक स्कूटरचा क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत! मॅडमनी आईलाही तोच प्रश्न केला. बऱ्याच घासाघिशीनंतर कागदावर तीन गोष्टी उतरल्या: न दुखता नखं कापता यावीत, बाही सहज चढावी, लिहिताना डाव्या हातानं वही दाबून धरता यावी. किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये मानसिक आरोग्याच्या कामासाठी काढलेली मोजपट्टी इथं वापरतात. ठरलेलं साधलं तर शून्य, त्याहून बरं झालं तर अधिक एक किंवा दोन, कमी पडलं तर उणे. जन्मभर गणित शिकवलेल्या अण्णांना शून्य मिळवून पास होणं काही पटेना.

पायातही इंजेक्शन द्या, असा त्यांचा हट्ट होता. डॉक्टरांनी मांडीला हात लावायचं साफ नाकारलं. तिथल्या ताठरपणावरच अण्णांचा गुडघा उभं राहताना तग धरत होता. तो घालवला असता तर ते कोसळले असते. मला तर हा नकार इंजेक्शनइतकाच मोलाचा वाटतो.

सोनोग्राफीच्या पडद्यावर नेमके स्नायू शोधत दंडात आणि हातात सुया झाल्या. त्या दिवशी काहीच घडलं नाही. मग हळूहळू मूठ उघडू लागली. असर साधारण चार ते सहा आठवड्यांनी सर्वांत जास्त असतो आणि तीनेक महिन्यांत ओसरतो. कमाई करायची ती याच मुदतीत: ताण देणं, रात्री स्प्लिंट, वहीचा सराव. इंजेक्शन स्नायू सैल करतं, हरवलेली हालचाल परत आणत नाही, हे मॅडम पुन्हापुन्हा बजावायच्या.

नखांना शून्य, बाहीला अधिक एक, वहीला उणे एक. आई निकालावर बेहद्द खूश. अण्णांनी वहीचा गुण फेरतपासणीला टाकला.

दुसऱ्या फेरीच्या कागदावर वही आहेच, शिवाय भाजीची पिशवी मनगटात अडकवून घरी आणणंही आहे. चेतकचा अर्ज अजून प्रलंबित आहे.